नकाराचे कारण लेखी द्या

राज्यभरातील रुग्णालयांतून आलेल्या समाजसेवा अधीक्षक मित्रमैत्रिणींनो,

रुग्णाचे नातेवाईक कागदांची पिशवी घेऊन आपल्याच टेबलापाशी येतात. म्हणून आज त्यांच्या विश्वासाविषयी बोलतो.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळू लागले. 2017 मध्ये योजनेला महात्मा फुले यांचे नाव दिले गेले. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि पुढे दोन्हींची सांगड घातली गेली. 2023 च्या शासन निर्णयाने मर्यादा 5 लाखांवर नेली आणि पांढऱ्या शिधापत्रिकेलाही दार उघडले. हा विस्तार मनापासून स्वागतार्ह आहे. मात्र योजना बदलत गेली, तशी गावात जुनी किंवा अर्धवट माहिती तशीच मुरून राहिली. कुणी पांढरे कार्ड म्हणून येतच नाही, तर कुणाला वाटते, 5 लाख खात्यात जमा होणार.

खरी योजना अटींची आहे. उपचार ठरलेल्या यादीतला हवा, रुग्णालय अंगीकृत हवे आणि पूर्वपरवानगी मिळायला हवी. मंजुरी मिळाली की तपासण्या, औषधे, जेवण, परतीचे भाडे हे सारे पॅकेजमध्ये येते. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च मात्र या योजनेत येत नाही. फलकावर ‘मोफत’ मोठ्या अक्षरांत असते. या मर्यादा सांगायला कुणी उरत नाही.

माहिती पोहोचण्यात नोंदींचीही अडचण आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक (कॅग) यांच्या 2023 च्या अहवालात आयुष्मान भारतच्या सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नोंदींपुढे एकच मोबाइल क्रमांक आढळला. लाभार्थ्याची ओळख मोबाइल क्रमांकावरून पटवली जात नाही, असे सरकारने सांगितले. ते मान्य करू. पण ज्याचा खरा क्रमांकच नोंदीत नाही, त्याला बदललेला नियम कळवणार कसा?

मित्रहो, ‘मोफत’ ऐकून आईला तालुक्याहून घेऊन आलेला मुलगा ‘यात बसत नाही’ एवढेच ऐकून परत जातो, तेव्हा नुकसान एका शस्त्रक्रियेपुरते राहत नाही. उद्या याच यंत्रणेने लसीबद्दल सांगितले, क्षयरोगाचे औषध मध्येच सोडू नका म्हटले, तर त्याने कोणत्या भरवशावर ऐकावे? अफवांशी लढण्याची मोहीम आपण व्हॉट्सॲपवर शोधतो. तिची पहिली चौकी आपले टेबल आहे. स्पष्ट शब्दांत, कारणासह दिलेला नकार माणूस पचवतो. मोघम उत्तर त्याला दलालाच्या दारात नेऊन उभे करते.

म्हणून संमेलनापुढे तीन मागण्यांचा ठराव ठेवतो. प्रकरण नाकारले, तर कारण आणि दाद मागण्याची वाट त्याच दिवशी रुग्णाच्या हाती मराठीत, लेखी द्यावी. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयाने दर्शनी भागात कोणते उपचार योजनेत मिळतात आणि कोणते मिळत नाहीत, दोन्ही सारख्याच ठळक अक्षरांत लिहावे. नियम बदलला की आशाताईंच्या हाती सोप्या मराठीतले एक पान आधी पडावे, जाहिरात नंतर यावी.

शासनाच्या उत्तराची वाट न पाहता पहिली मागणी आपण उद्यापासून आपल्या सहीने अमलात आणू शकतो. हा ठराव एकमताने मंजूर करावा, ही विनंती.