प्रत्येकीला १५ मिनिटं
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



ग्रेट निकोबार बेटावर माकडांच्या अभ्यासासाठी मी राहिले, तेव्हा भेटेल तो पहिला प्रश्न विचारायचा, "एकटीच आलात?" तुमच्याही मनात तो असेल, म्हणून आधीच सांगते. भीती वाटायची. खाडीतल्या मगरीची, पाय घसरून पडण्याची आणि संध्याकाळी निर्मनुष्य रस्त्यावर मागून येणाऱ्या मोटारसायकलची. रोज निघताना कुठे जाते, किती वाजता परतेन, हे चिठ्ठीवर लिहून घरमालकीणबाईंकडे देत असे. त्यांना मी काकू म्हणायचे.

हे बेट भारताच्या अगदी दक्षिण टोकाला, सुमात्राच्या जवळ. मूळचं शोम्पेन आणि निकोबारी लोकांचं. १९६९ पासून सरकारने तिथे माजी सैनिकांची कुटुंबं नेऊन वसवली. त्यांत महाराष्ट्रातलीही होती. काकू अशाच एका घरातल्या.

तिथल्या लांब शेपटीच्या माकडांत जन्मभर टोळीत राहतात त्या माद्या: आजी, आई, मावश्या, मुली. नर वयात आले की दुसऱ्या टोळीत जातात. लेकीचा मान आईच्या मानावर ठरतो. म्हणजे टोळी टिकते ती बायकांवर. पण सुरुवातीला माझी वही भरली ती नरांनीच! ते दात विचकतात, अंगावर धावून जातात, नजर तिकडेच ओढली जाते. बाजूला बसून पोराच्या उवा काढणारी मादी वहीत येतच नव्हती.

यावरचा उपाय एका बाईनेच नीट मांडून ठेवला आहे. केनियातल्या बबून माकडांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली निरीक्षणाच्या पद्धतींवर एक लेख लिहिला. कुणाकडे पाहायचं ते आधी ठरवा, प्रत्येकाला ठरलेला वेळ द्या, त्या वेळात शेजारी कितीही आरडाओरडा होवो, नजर हलवू नका. मी प्रत्येकीला १५ मिनिटं द्यायला लागले. महिन्याभरात वही बदलली. कोण कुणाच्या उवा काढते, भांडणानंतर कोण कुणाजवळ जाऊन बसते, कुणाचं पोर कोण सांभाळते, हे सगळं दिसू लागलं.

आता काकूंचं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत किनाऱ्यावरचं जंगल गेलं. केवड्याच्या जातीची जी झाडं होती, ज्यांची फळं माकडं खायची, तीही गेली. माकडं नारळाच्या बागांत येतात. एका संध्याकाळी काकू म्हणाल्या, "पोरी, तुझ्या माकडांनी आज केवढे नारळ पाडले बघ. त्यांचं तू मिनिटामिनिटाचं लिहितेस. माझं कोण लिहितं?"

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी जंगलात गेले नाही. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर १५ मिनिटांनी काकू काय करताहेत ते लिहिलं. निम्म्याहून जास्त वेळा त्या बागेत होत्या: डबा वाजवत, दगड मारत, पडलेले नारळ गोळा करत. मधेच धावत येऊन चुलीवरचा भात उतरवत. जमीन काकांच्या नावावर. ते सहज म्हणाले होते, "ही काय, घरीच असते."

रात्री मी ते पान वाचून दाखवलं. काका गप्प बसले. काकूंनी कागदाची घडी केली, रेशनकार्डात ठेवली आणि म्हणाल्या, "नुकसानीच्या अर्जाला जोडू." मी निघाले तोवर भरपाई आली नव्हती. पण अर्जावर काकांबरोबर काकूंची सही होती.

शिबिरातून घरी गेलात की एक दिवस वही घ्या. सासूबाई, जाऊ, शेजारीण, कुणीही. दर १५ मिनिटांनी एक ओळ. पुढच्या वेळी ती पानं इथे मोठ्याने वाचू.