सहा जागांचं आरमार
(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



या व्यासपीठावर ग्रंथांची, नाटकांची, लढायांची चर्चा होते. आज मी एका जुन्या कॉम्प्युटर गेमवर बोलणार आहे आणि तितक्याच आस्थेने बोलणार आहे. खेळाचं नाव 'मास्टर ऑफ ओरायन'. 1993 साली तो एमएस-डॉसवर आला. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या सिमटेक्स या छोट्या कंपनीने तो घडवला, स्टीव्ह बार्सिया हा त्याचा रचनाकार आणि प्रकाशक मायक्रोप्रोज. याच मायक्रोप्रोजने दोन वर्षं आधी सिड मायरचा 'सिव्हिलायझेशन' बाजारात आणला होता. खेळ बाहेर येण्याआधीच अ‍ॅलन एमरिक या समीक्षकाने 'कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' मासिकात त्याची ओळख करून दिली आणि त्या लेखात चार सूत्रं मांडली: शोध घ्या, विस्तार करा, साधनसंपत्ती वापरा, शत्रूचा निःपात करा. आज ज्यांना 'फोर-एक्स' म्हणतात त्या साऱ्या खेळांच्या जातीला नाव मिळालं ते या लेखातून.

मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. सगळं मिळवण्याच्या हव्यासाने हा खेळ जिंकता येत नाही. काय सोडून द्यायचं, हे वेळेवर ठरवणारा इथे जिंकतो. खेळाचा जवळजवळ प्रत्येक नियम तुम्हाला याच निर्णयापाशी आणून उभा करतो.

आधी मांडणी बघू. सन 2300. दहा वंशांपैकी एक निवडून तुम्ही त्याचे सम्राट होता. समोर जास्तीत जास्त पाच प्रतिस्पर्धी. दीर्घिका लहान घेतली तर 24 तारे, सर्वांत मोठी घेतली तर 108. एक पाळी म्हणजे एक वर्ष. वंशांचे स्वभाव अगदी ठसठशीत आहेत. सिलॉन संशोधनात पुढे, क्लॅकॉन राबण्यात, सक्रा प्रजा वाढवण्यात, डार्लॉक हेरगिरीत, बुलराथी जमिनीवरच्या हातघाईत आणि माणूस व्यापारात व वाटाघाटीत. सिलिकॉइड हे दगडाचे जीव कुठल्याही जहाल ग्रहावर पहिल्या दिवसापासून वस्ती करतात, पण त्यांची प्रजा इतरांच्या निम्म्या वेगाने वाढते. म्हणजे वंश निवडतानाच काहीतरी हातचं सोडावं लागतं.

आता पहिली काही वर्षं जरा जवळून पाहू, कारण बरेच डाव तिथेच जिंकले किंवा हरले जातात. तुमच्या मूळ ग्रहावर 4 कोटी लोक आणि 30 कारखाने आहेत. जवळ दोन टेहळणी यानं आणि वसाहतीचं एक यान. ग्रहाचा सगळा कारभार पाच स्लायडरवर चालतो: जहाजबांधणी, संरक्षण, उद्योग, पर्यावरण आणि संशोधन. एक पुढे सरकवला की बाकीचे मागे येतात. सुरुवातीला दर दहा लाख लोक दोन कारखाने चालवू शकतात, म्हणजे 80 कारखान्यांपुरते हात आहेत आणि कारखाने आहेत फक्त 30. एक कारखाना उभारायला 10 एककं लागतात आणि तो वर्षाला 1 एकक देतो, शिवाय त्याची घाण साफ करायचा खर्च वेगळा. तेव्हा आज घातलेला पैसा वसूल व्हायला बरीच वर्षं जाणार. तरीही अनुभवी खेळाडू पहिली वर्षं कारखान्यांवरच घालवतो. संशोधन जवळपास शून्य, संरक्षण पूर्ण शून्य. शेजारी अजून लांब आहेत, या एका हिशेबावर तो हा धोका पत्करतो.

लोकसंख्येचंही असंच. ग्रह निम्मा भरलेला असतो तेव्हा प्रजा सर्वांत झपाट्याने वाढते आणि भरत आला की वाढ मंदावते. म्हणून मूळ ग्रह निम्म्याच्या वर गेला की तिथली माणसं नव्या वसाहतींकडे पाठवायची. राजधानीचं आजचं उत्पन्न त्यामुळे घटतं, पण सगळ्या राज्याची वाढ कायम राहते. भरलेली राजधानी पाहून सुखावणारा खेळाडू मात्र मागे पडतो.

संशोधनाची रचना हे या खेळाचं सर्वांत मोठं यश आहे असं मी मानतो. क्षेत्रं सहा: संगणक, बांधकाम, संरक्षक कवचं, ग्रहविज्ञान, प्रणोदन आणि शस्त्रं. प्रत्येक डावात प्रत्येक वंशाच्या यादीतून कितीतरी तंत्रं मुळातच गायब असतात. सिलॉनांच्या वाट्याला इतरांपेक्षा जास्त येतात, पण पूर्ण यादी त्यांनाही मिळत नाही. पत्त्यांच्या डावात हातात आलेल्या पानांवरच खेळावं लागतं, तसंच हे. मागच्या डावात ज्या शस्त्राने तुम्ही दीर्घिका जिंकली, ते या डावात तुमच्या शास्त्रज्ञांना कधीच सुचणार नाही. मग ते शेजाऱ्याकडून अदलाबदलीने घ्या, हेर पाठवून चोरा किंवा त्याचा ग्रह जिंकून तिथल्या कारखान्यांतून उचला. या एका नियमामुळे मुत्सद्देगिरी, हेरगिरी आणि युद्ध ही तिन्ही संशोधनाशी आपोआप जोडली जातात. या खेळात पाठांतर चालत नाही. दर वेळी समोर आहे ती परिस्थिती नव्याने वाचावी लागते.

आता ज्या नियमावरून मी व्याख्यानाला नाव दिलं, तो नियम. जहाजांची रचना खेळाडू स्वतः करतो. लहान, मध्यम, मोठा, प्रचंड असे चार सांगाडे. त्यात इंजिन, कवच, संगणक आणि शस्त्रं बसवायची. पण एका वेळी आराखडे फक्त सहाच ठेवता येतात. सातवा हवा असेल तर सहांपैकी एक मोडीत काढावा लागतो, आणि आराखडा मोडीत निघाला की त्या बनावटीचं प्रत्येक जहाज त्याच क्षणी भंगारात जातं, मग ते दीर्घिकेत कुठेही असो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. समजा, तुमच्याकडे जुन्या लेझरची शंभर लढाऊ जहाजं आहेत आणि ती तीन सीमांवर पहारा देताहेत. शास्त्रज्ञांनी नवं अस्त्र आणि नवं कवच दिलं. आता नवा आराखडा हवा, पण जागा नाही. टेहळणी यानांचा आराखडा काढला तर दूरच्या ताऱ्यांवरचे डोळे जातात. वसाहतीच्या यानाचा काढला तर विस्तार थांबतो. लेझरवाली शंभर काढली, तर नवी जहाजं तयार होईपर्यंत सीमा उघड्या पडतात. कुशल खेळाडू म्हणूनच प्रत्येक नव्या शोधामागे धावत नाही. दोन-तीन महत्त्वाचे शोध एकत्र जमेपर्यंत तो थांबतो आणि मग एकदाच पिढी बदलतो. आरमार जुनं कधी होतं आणि ते बदलायची किंमत किती, हा कुठल्याही नौदलापुढचा खरा प्रश्न या सहा जागांनी पडद्यावर आणला.

खेळाचे काही चमत्कारिक स्वभावही आहेत, आणि जाणकारांच्या गप्पा बहुतेक त्यांच्याभोवतीच फिरतात. लढाईत एका बनावटीची सगळी जहाजं एकाच गठ्ठ्यात उभी असतात आणि बहुतेक तोफांचा एक मारा त्यातल्या एकाच जहाजाला बुडवतो. त्यामुळे महाकाय युद्धनौकेची भयंकर तोफ चिमुकल्या जहाजांच्या झुंडीवर वाया जाते. सुरुवातीच्या काळात लहान जहाजांचा थवा स्वस्तात मोठं काम करतो, तो यामुळे. दुसरं, रिकाम्या ताऱ्यावर एकच लेझरवालं लहान जहाज उभं करून ठेवलं, तर शत्रूच्या निःशस्त्र वसाहती-यानाला तिथून माघार घ्यावी लागते. एका क्षुल्लक जहाजाने अख्खा ग्रह राखता येतो! तिसरं म्हणजे रिपल्सर बीम. हे यंत्र शत्रूच्या जहाजाला एक घर मागे ढकलतं. ज्याची शस्त्रं फक्त शेजारच्या घरापर्यंत पोचतात, तो शत्रू मग काहीच करू शकत नाही आणि संगणकाला यावर चांगला उतारा सापडत नाही. पहिल्या दोन युक्त्या मला पूर्ण न्याय्य वाटतात, कारण प्रतिस्पर्धीही त्या वापरू शकतो. तिसरी संगणकाच्या दुबळेपणावर जगते. तिच्यावर मिळवलेला विजय खेळाडूला काही शिकवत नाही, म्हणून ती टाळावी असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्वांत सुंदर नियम शेवटी येतो. दोन तृतीयांश ताऱ्यांवर वस्ती झाली की दीर्घिकेची महासभा भरते आणि पुढे दर 25 वर्षांनी भरत राहते. सर्वांत मोठे दोन सम्राट उमेदवार, मतं लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि दोन तृतीयांश मतं मिळाली की सिंहासन. इथे विस्ताराची दुसरी बाजू समोर येते. लोकसंख्या वाढवली नाही तर मतं नाहीत. फार वाढलात, शेजाऱ्यांना तुडवत गेलात, जैविक अस्त्रं टाकलीत, तर मत द्यायला कोणी उरत नाही किंवा उरलेले सगळे विरोधात जातात. एक हिशेब मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावा: एक तृतीयांशापेक्षा जास्त मतं तुमची असतील, तर दुसऱ्या कोणालाही निवडून येता येत नाही. दुबळ्या वंशाने आधी तेवढी मजल गाठायची आणि मग मित्र जोडत राहायचं. निवडणूक हरलात तर निकाल धुडकावता येतो, पण मग अख्खी दीर्घिका तुमच्याविरुद्ध उभी राहते.

1996 मध्ये दुसरा भाग आला. त्यात ग्रहांवर इमारती आल्या, स्वतःचा वंश घडवायची सोय आली, आणि तो अफाट लोकप्रिय झाला. 2003 च्या तिसऱ्या भागात तपशिलांचा इतका पसारा झाला की अनेक चाहते निराश झाले. 2016 मध्ये वॉरगेमिंग कंपनीने नव्या रूपात आणखी एक आवृत्ती आणली. तरीही चाहत्यांनी 'रेम्नंट्स ऑफ द प्रिकर्सर्स' नावाचा मुक्त खेळ लिहायला घेतला, तेव्हा आधाराला पहिलाच भाग घेतला. पाच स्लायडर आणि सहा आराखडे यांत राज्यकारभाराचं सार मावतं, हे त्यांनाही जाणवलं असावं. पुढच्या भागांत सोयी वाढल्या, पण सोय वाढते तसा निवड करण्याचा ताण कमी होतो, आणि या खेळाचा जीव त्या ताणातच आहे.

तुमच्यापैकी कोणी नव्याने सुरुवात करणार असेल, तर लहान दीर्घिका आणि क्लॅकॉन किंवा सिलॉन घ्या. हात बसला की मुद्दाम दुबळा वंश निवडा, कारण खरी कसोटी तिथे लागते. प्रत्येक डाव संपल्यावर, जिंकलात तरी आणि हरलात तरी, एक प्रश्न स्वतःला विचारा: कोणती गोष्ट मी आणखी दहा वर्षं आधी सोडायला हवी होती? या प्रश्नाचं उत्तर शोधायची सवय लागली, की हा खेळ तुम्हाला नियोजन शिकवायला लागला असं समजा.