बेलबॉटम आणि हिरवी कळी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘आपल्या वेळची फॅशन’. मी आयुष्यभर कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं. त्यामुळे साध्या गप्पांचाही तास होतो. सांभाळून घ्या.

जानेवारी 1974 चं आपलं गॅदरिंग आठवा. आपण अकरावीला होतो. चारच महिन्यांपूर्वी ‘बॉबी’ आला होता. त्या दिवशी गणवेशाला सुट्टी, म्हणून आम्ही पाच जणांनी घरी हट्ट करून बेलबॉटम शिवून घेतल्या. मोहरी चांगली 24 इंच! आमचे एक सर म्हणाले, “अरे, रस्ते झाडायला नगरपालिकेची माणसं आहेत.” सगळं पटांगण हसलं. पण आमची मान ताठच. आपण फार मोठं बंड केलंय, अशी आमची समजूत.

पुढे अभ्यास करताना कळलं की बंडाची गोष्ट वेगळी असते. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या उंची शिंप्यांनी श्रीमंत तरुणांसाठी सातव्या एडवर्ड राजाच्या काळातले लांब कोट पुन्हा आणले. 1950 नंतर ते कोट कामगार वस्तीतल्या पोरांनी उचलले. हातात पहिल्यांदाच स्वतःच्या मजुरीचे चार पैसे होते. साहेबाचा कोट त्यांनी आपल्या पद्धतीने घातला आणि साहेबांनी तो टाकून दिला. हे ‘टेडी बॉईज’. टेडी म्हणजे एडवर्डचंच लाडकं नाव. बेलबॉटमही मुळात खलाशांची विजार. अमेरिकेतल्या पोरांनी ती नौदलाच्या जुन्या मालाच्या दुकानांतून स्वस्तात घेतली. 1976 च्या सुमारास आलेल्या पंक पोरांनी तर साधी सेफ्टी पिन मिरवली.

आपल्याकडेही तसं घडलं. अमेरिकेत ओकलंडला 1966 साली ब्लॅक पँथर पक्ष निघाला. ते नाव 1972 मध्ये मुंबईतल्या दलित तरुणांनी घेतलं. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही त्यातली माणसं. नाव तिकडचं, पण दुःख, भाषा आणि लढाई इथली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. दुसऱ्याची वस्तू घ्यायची आणि तिच्यातून आपलं काही घडवायचं. नुसती विकत घेतली तर ती फॅशन.

आता मूळ मुद्दा. त्या गॅदरिंगला सहावी बेलबॉटमही होती. खाडीकडच्या गावातून रोज चालत येणारा आपला एक वर्गमित्र. नव्या कापडाला घरी पैसे नव्हते. त्याने थोरल्या भावाच्या जुन्या पँटची शिवण गुडघ्यापासून उसवली आणि आईच्या हिरव्या लुगड्याच्या कळ्या लावल्या. स्वतः, हाताने. आम्ही पाच जण पोट धरून हसलो. ‘कळीवाला’ हे नाव मीच ठेवलं. शाळा सुटेपर्यंत ते त्याला चिकटलं. ती पँट मात्र त्याच्या अंगावर पुन्हा दिसली नाही.

सरांचं हसणं आम्ही विसरलो, कारण आम्ही पाच होतो. तो एकटा होता.

पुढे वर्गात टेडी बॉईज शिकवताना दर वर्षी मला तो हिरवा रंग दिसायचा. पोरांना मी सांगायचो, नसलेपणातून जो नवं काही करतो तो खरा. आणि असं करणारा एकच मुलगा मी डोळ्यांनी पाहिला होता, त्याला मी हसलो होतो. आम्ही पाच जण गिऱ्हाईक होतो. कारागीर तो होता.

तो आज इथे आहे, तिसऱ्या रांगेत. नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही. मित्रा, पन्नास वर्षं उशीर झाला, पण मला माफ कर. जेवायला माझ्या शेजारी बस. त्या कळ्या तू कशा शिवल्यास, ते मला नीट ऐकायचं आहे.