सज्ञानतेचे वय आणि प्रगल्भता

भारतात 18 वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती कायद्याने सज्ञान ठरते. 1875च्या भारतीय सज्ञानता कायद्यात हीच सर्वसाधारण मर्यादा होती. न्यायालयाने पालक नेमलेल्यांसाठी ती 21 वर्षे होती. हा भेद 1999मध्ये संपला. मतदानाचे वयही 61व्या घटनादुरुस्तीने 1989मध्ये 21वरून 18वर आले.

सज्ञान होण्याचा व्यवहारातील अर्थ सातबाऱ्यावर दिसतो. अज्ञान वारसाच्या नावासोबत ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता असा शेरा आणि पालकाचे नाव असते. अठरा पूर्ण झाल्यावर वयाचा पुरावा जोडून अर्ज केला की तो शेरा कमी होतो. त्यानंतर तो तरुण आपल्या हिश्श्याची जमीन विकू शकतो, कर्जाला जामीन राहू शकतो. लग्नासाठी मात्र मुलाला 21 वर्षांपर्यंत थांबावे लागते. मुलीला 18 पुरतात. ग्रामपंचायतीची निवडणूक 21व्या, विधानसभेची 25व्या वर्षी लढवता येते.

या पायऱ्यांमागे प्रगल्भतेचा प्रश्न आहे. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 11 देशांतील 10 ते 30 वयोगटाचा अभ्यास 2019मध्ये प्रसिद्ध केला. शांतपणे, माहिती घेऊन विचार करण्याची क्षमता साधारण सोळाव्या वर्षी प्रौढांइतकी होते. आवेग आवरण्याची आणि मित्रांच्या दबावापुढे टिकण्याची क्षमता अठरानंतरही वाढत राहते, असे त्यात आढळले. मतदान, शिक्षण, जोडीदाराची निवड यांत विचाराला अवधी असतो. भरधाव गाडी किंवा घोळक्यातली मारामारी तो देत नाही.

कायदा या फरकाच्या नेमका उलट वागतो तेव्हा अन्याय होतो. 2015च्या बाल न्याय कायद्यानुसार घोर गुन्ह्यात 16 ते 18 वयाच्या मुलावर, प्राथमिक मूल्यांकनानंतर, प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. दुसरीकडे, केरळ उच्च न्यायालयाने 2017मध्ये एका 24 वर्षांच्या तरुणीचा विवाह रद्द ठरवून तिला आईवडिलांच्या ताब्यात दिले. सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये तो निर्णय फिरवला आणि सज्ञान व्यक्तीने जोडीदार निवडणे हा तिचा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले. शिक्षेच्या वेळी जाणते आणि हक्काच्या वेळी अजाण, अशी तरुणांची दुहेरी मोजणी न्याय्य नाही.

म्हणून अठराव्या वर्षी स्वतःच्या आयुष्याचे निर्णय पूर्णपणे तरुणांच्या हाती असले पाहिजेत. चुकीचा निर्णय चाळिशीतला माणूसही घेतो. त्यासाठी त्याची सज्ञानता काढून घेतली जात नाही. जिथे क्षणाचा आवेग इतरांच्या जिवावर बेतू शकतो, तिथे अधिक वयाची अट रास्त आहे. प्रवासी आणि मालवाहतुकीच्या वाहनांच्या परवान्यासाठी कायदा 20 वर्षे मागतो, तो याच न्यायाने. अशा अटी त्या-त्या धोक्यापुरत्याच असाव्यात. त्यांचा आधार घेऊन तरुणांचे शिक्षण, घर किंवा जोडीदार ठरवण्याचा अधिकार कुटुंबाला वा शासनाला मिळत नाही.