भाजीला गेलो होतो

(उल्हासनगर कॅम्प ४ येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वनहक्कावर बोलायचं ठरलं तेव्हा इथल्याच एका मैत्रिणीनं विचारलं, "अगं, कॅम्पात कसलं आलंय रान?" प्रश्न रास्त आहे. लष्कराच्या बराकींत सिंधी निर्वासितांना वसवलं, १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. इथं आपण कारखाने, शिलाईकाम, पाणी आणि रेशन यांच्याच लढाया लढलो. पण पावसाळ्याच्या तोंडाशी बाजारात शेवळं येतात, सोबत खाज मारायला काकडं येतात, पुढे कंटोली येतात, खेकड्यांच्या जुड्या येतात. पाटी घेऊन बसलेली बाई ठाकूर किंवा कातकरी असते. आपण तिच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, ती कुठून आली ते विचारत नाही.

मध्यंतरी बदलापूरपलीकडच्या एका कातकरी वाडीवर गेले होते. ओटीवर म्हातारा बाप शिकारीच्या गोष्टी सांगत होता. तरण्या मुलाला घेऊन रात्र रात्र रानात कसं बसायचं, वारा कुठून येतोय ते बघायचं, भेकर पाण्यावर कधी येतं. मुलगा आता चाळिशीचा, तोही मधे मधे बापाची वाक्यं पुरी करत होता. बाप-लेकाची ती जोडी बघायला मला आवडलं, खोटं का बोलू? सगळी वाडी ऐकत होती. भेकर मारणं कधीच बंद झालंय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. पण गोष्ट जिवंत आहे, आणि तिचा मान बाप-लेकाला मिळतो.

तेवढ्यात मायलेकी ओढ्यावरून आल्या. लेक तिशीची, नवऱ्यानं टाकलेली, पाच वर्षं माहेरीच. टोपलीत खेकडे, डोक्यावर काटक्या. मी म्हटलं, "तुम्हीपण शिकार करून आलात की!" आई हसली. म्हणाली, "शिकार कसली बाई, भाजीला गेलो होतो."

मग मी खोदून विचारलं. बिळाच्या तोंडाशी माती ताजी आहे का, आत खेकडा आहे की साप, हात कसा घालायचा, नांगी कुठे धरायची, पिल्लंवाली मादी का सोडायची, हे सारं आईनं लेकीला दाखवलेलं. भात कापल्यावर शेतात उंदरांची बिळं खणायची, धूर द्यायचा, उंदीर धरायचे आणि त्यांनी साठवलेलं भात काढायचं, त्यातही बाया असतात. माग काढणं, दबा धरणं, जीव धोक्यात घालणं, सगळं आहे. त्या रात्री घरात जे शिजलं ते या दोघींनी आणलेलं. तरी नाव काय? भाजी!

हे नाव ठेवण्याचं काम फक्त वाडीनं केलेलं नाही, विद्वानांनीही केलं. १९६६ साली शिकागोत शिकारी समाजांवर मोठी परिषद झाली. तिचं नावच 'शिकारी पुरुष'. पुढे स्त्री अभ्यासकांनी त्यावर बोट ठेवलं. फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावर आगता नावाचे लोक आहेत. तिथल्या बाया कुत्री घेऊन हरणाच्या आणि रानडुकराच्या शिकारीला जात. सोबत बहीण असे, आई असे, लेक असे. अंगावर पाजणाऱ्या बायाही जात. १९८० च्या दशकात हे नोंदलं गेलं. पेरूच्या डोंगरात नऊ हजार वर्षांपूर्वीचं एका तरुण मुलीचं दफन सापडलं, शेजारी भाल्याची टोकं आणि शिकारीची हत्यारं. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. एका दफनावरून सगळं जग ठरत नाही, हे मलाही कळतं. पण 'बाईच्या जातीला शिकार जमत नाही' हे वाक्य आता कुणी शास्त्राच्या नावानं आपल्याला ऐकवू नये. झारखंडच्या उराव बाया बारा वर्षांनी एकदा 'जनी शिकार' करतात, तीही पुरुषांचे कपडे घालून. हे कपडे का लागतात, यावर एक वेगळं भाषण होईल.

गैरसमज नको. बायांनी भेकरामागे लागावं असं मी म्हणत नाही. रान उरलंय किती? आणि एखादा गडी सशा-भेकरापायी पकडला गेला तर जामिनाला धावते ती बाई, वीटभट्टीवाल्याकडून उचल घेते तीच, आणि मग सहा महिने अख्खं कुटुंब भट्टीवर. शिकारीचा मान एकाचा आणि फेड सगळ्यांची.

आता कायद्याकडे या. २००६ च्या वनहक्क कायद्यानं शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. पण मासे आणि पाण्यातली इतर पैदास, तसंच कंद, मुळं, मध यांसारखं गौण वनउपज यांवरचा हक्क मान्य केला. म्हणजे बाप-लेकाची गोष्ट कायद्याबाहेर गेली, आणि मायलेकींची 'भाजी' कायद्यात हक्क म्हणून आली! वाडीत मात्र दाव्याच्या अर्जावर बापाचं नाव आणि मुलाची सही. सामूहिक दाव्यात त्या ओढ्याचा उल्लेखच नव्हता, कारण ओढ्यावर पुरुष जात नाहीत.

आणि ती लेक? हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका गोंड स्त्रीच्या वारसांना आजोळच्या जमिनीत वाटा दिला, ही चांगली गोष्ट. पण प्रत्येकीनं दिल्लीपर्यंत जायचं का? वनहक्क कायद्यात नवरा-बायकोचं नाव जोडीनं लावायचं आहे, आणि कुटुंबप्रमुख एकटी असेल तर पट्टा तिच्या एकटीच्या नावावर. लेक टाकलेली असेल, वेगळी चूल मांडून जमीन कसत असेल, तर 'भावाच्या घरात धरा' म्हणून तिला गप्प बसवू देऊ नका. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असायलाच हव्यात, त्या नावापुरत्या आहेत का तेही बघा. जे पाडे अंबरनाथ-बदलापूरच्या नगरपालिकांच्या हद्दीत आले, त्यांनी ग्रामसभा कुठून आणायची, हा प्रश्न आपल्याला अधिकाऱ्यांपुढे मांडावा लागेल.

नियमांनुसार वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाबही पुरावा धरला जातो, फक्त तो दावेदाराखेरीज दुसऱ्याचा हवा. त्या वाडीवर आम्ही तेच सुरू केलंय. शेजारच्या दोन म्हाताऱ्या सांगतात, कुठला ओढा, कुठला डोह, कुठल्या महिन्यात काय. लेक चौथी शिकलेली आहे, ती लिहून घेते. पहिल्या पानावर तिनं 'भाजी' लिहिलं होतं. मी ते तसंच ठेवलं, पुढे 'मासे, खेकडे, कंद' असं तिच्याकडूनच लिहून घेतलं. पुढच्या रविवारी ओढा चालत मोजायचा आहे. कॅम्पातून दोघी-तिघी आल्या तर बरं होईल. सकाळच्या गाडीनं बदलापूर, पुढे पायी.