केकांतील बदाम आणि फळें

केक ही आतां मराठी घरांत अपूर्वाईची वस्तु राहिलेली नाहीं. वाढदिवसाला तो हवा असतो, नाताळांत तो शेजारघरून येतो, आणि मुलें शाळेच्या डब्यांतहि त्याची फोड मागतात. तरीसुद्धां तो घरीं करावा असा बेत निघाला कीं पुष्कळ गृहिणींचें मन कचरतें. त्याचें कारण उघड आहे. बदाम महाग, बेदाणे महाग, लोणी महाग. एवढें सगळें घालून केक मध्येंच खचला, फळें तळाशीं जाऊन बसलीं आणि वरचा भाग करपला, म्हणजे पुन्हां त्या वाटेला जाण्याचें धैर्य होत नाहीं. 'आपल्या हाताला तें यश नाहीं' असें म्हणून मग बाजारांतून पेटी आणली जाते. परंतु येथें यश हाताच्या गुणापेक्षां कारणांच्या ज्ञानावर अधिक अवलंबून आहे. केकांत पडणारा प्रत्येक जिन्नस कांहीं काम करीत असतो; तें काम ओळखलें म्हणजे भीतीचें कारण उरत नाहीं.

युरोपांतील जुन्या घरगुती केकाचें प्रमाण लहान मुलालाहि पाठ होण्यासारखें आहे. मैदा, लोणी, साखर आणि अंडीं, हीं चारी वजनानें समभाग. फ्रान्समध्यें या केकाचें नांवच 'चार चतुर्थांश' अशा अर्थाचें आहे. लोणी व साखर एकत्र फेंसतांना साखरेचे कण लोण्यांत हवेचे सूक्ष्म बुडबुडे कोंडून ठेवतात. उष्णतेनें तेच बुडबुडे प्रसरण पावतात व केक वर येतो. म्हणून फेंसण्यांत आळस केला कीं केक दडस होतो. इ. स. १८४३ मध्यें बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड यांनीं बेकिंग पावडर तयार केली. त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे, हें त्याचें निमित्त. तिच्यांतील आम्ल व क्षार ओलाव्यांत एकत्र आले म्हणजे वायु सुटतो. ज्या घरांत अंडें वर्ज्य आहे, तेथें दहीं व खाण्याचा सोडा यांची जोडी हेंच कार्य करते. मात्र तें मिश्रण कालवून ठेवूं नये, ताबडतोब भाजावयास लावावें, नाहींतर वायु निघून जातो.

आतां बदाम. बदामाच्या वजनाचा जवळ जवळ अर्धा भाग तेल असतो, आणि मैद्याला चिवटपणा आणणारें द्रव्य त्यांत मुळींच नसतें. त्यामुळें मैद्याचा थोडा भाग काढून त्या जागीं बदामाची पूड घातली, तर केक मऊ होतो व कित्येक दिवस सुकत नाहीं. बदाम उकळत्या पाण्यांत मिनिटभर ठेवले कीं साल बोटानें सुटते. ते पुरे कोरडे करून, थोड्या साखरेबरोबर कुटावे, म्हणजे तेल सुटून लगदा होत नाहीं. कडू बदाम मात्र घालूं नयेत. त्यांतून प्रुसिक आम्ल हें विष उत्पन्न होतें.

फळांचें कामहि असेंच आहे. बेदाणे, मनुका, खजूर, अंजीर हीं सुकीं फळें तशींच घातलीं तर तीं केकांतीलच ओलावा पितात. म्हणून आदल्या रात्रीं तीं संत्र्याच्या रसांत भिजत घालावीं, सकाळीं निथळून फडक्यानें टिपावीं आणि बारीक चिरावीं. फळें तळाशीं जातात तीं मिश्रण पातळ, तुकडे मोठे व ओले असल्यामुळें. मिश्रण पळीवरून धारेनें न ओघळतां गोळ्यानें पडेल इतकें घट्ट असलें, म्हणजे तें फळांना झेलून धरतें. स्कॉटलंडमधील डंडी शहराच्या नांवानें ओळखला जाणारा केक पाहावा: आंत बेदाणे व संत्र्याची पाकवलेली साल, आणि वर अख्ख्या सोललेल्या बदामांचीं वर्तुळें.

पेस्ट्रीचें नांव परकें असलें तरी तिचें तत्त्व आपल्या स्वयंपाकघराला नवें नाहीं. करंजीच्या पिठांत मोहन घालतात तें कशासाठीं? तूप पिठाच्या कणांना वेढतें, पाणी त्यांना फारसें लागत नाहीं, आणि कणीक चिवट न होतां खुसखुशीत होते. चिरोट्याच्या पदरांतील साटाहि पदर एकमेकांना चिकटूं देत नाहीं. ऑस्ट्रियांतील लिंझ शहराच्या नांवाच्या प्रसिद्ध मिष्टान्नाची कृति इ. स. १६५३ च्या हस्तलिखितांत मिळते. तिच्या पिठांत बदामासारखा मेवा, मध्यें मुरंबा आणि वर पिठाच्याच पट्ट्यांची जाळी असते. ताजीं फळें घालावयाचीं असल्यास एक युक्ति अवश्य ध्यानांत ठेवावी. पोळीवर प्रथम बदामाची पूड पसरावी व तीवर अननस किंवा आंबा मांडावा. सुटणारा रस पूड शोषून घेते आणि तळ भिजट होत नाहीं.

बदाम न परवडले तर काय? याचें उत्तर गोमंतकानें दिलें आहे. पोर्तुगालच्या मिष्टान्नांत बदामाचा वापर फार. परंतु ब्राझीलहून पोर्तुगीजांनींच आणलेला काजू आणि आपला नारळ गोव्यांत हाताशीं होते. तेथील स्वयंपाकघरांनीं तेच वापरले. रवा व नारळ यांचा 'बाथ' आज नाताळाच्या ताटांत मानानें मिरवतो. जिन्नस बदलला, काम तेंच राहिलें.

राहतां राहिली आंच. विजेची भट्टी नव्हती तेव्हां पातेल्यांत वाळू तापवून, तींत भांडें ठेवून, झांकणावर निखारे घालीत. खालून व वरून सारखी ऊब मिळावी हा त्यांतील हेतु. फळांचा केक जड असतो. त्याला मंद आंच लागते. २०० ग्रॅम मैदा, तितकेंच लोणी व साखर, ४ अंडीं, ५० ग्रॅम बदामपूड, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि २५० ग्रॅम सुकीं फळें एवढ्याला १६० अंश उष्णतेंत सुमारें सव्वा तास पुरतो. पहिला पाऊण तास झांकण उघडूं नये. आंतील पीठ घट्ट होण्यापूर्वीं थंड हवा लागली कीं केक खचतो. मध्यें खुपसलेली सुई कोरडी निघाली म्हणजे तो झाला असें समजावें.

एखादा केक बिघडला तरी तो कोठें बिघडला हें आतां सांगतां येईल: फेंसणें अपुरें झालें, फळें ओलीं राहिलीं, कीं आंच अधिक झाली. दोषाचें कारण सांपडल्यावर दुसरा केक सुधारतो. आणि शेजारीं बसून बदाम सोलणाऱ्या मुलालामुलीला त्या एका दुपारीं उष्णता, वायु व आम्ल यांचा जो धडा मिळतो, तो बाजारांतून आणलेल्या पेटींत कधींच मिळत नाहीं.