बारीक भोक, मोठा घोर

जुनी मोटार आणि म्हातारं माणूस सारखंच, असं आमच्या घरात म्हणतात. वेळेवर तेलपाणी हवं, आणि अडलं की हलत नाही! माझी ट्रायम्फ टीआर-थ्री १९५९ सालची, वडिलांची. तिच्या गिअरबॉक्सच्या मागे ओव्हरड्राइव्ह आहे. ही कल्पना द नॉर्मनव्हिल या इंग्रज अभियंत्याची.

डॅशबोर्डवरचा खटका दाबला, की सोलेनॉइड एक झडप उघडतो. गिअरबॉक्समधल्याच तेलाचा दाब शंकूच्या आकाराचा क्लच सरकवतो. मग इंजिनाच्या ८२ फेऱ्यांत मागच्या शाफ्टच्या १०० फेऱ्या होतात. सातारा रस्त्यावर इंजिन कसं शांत होतं म्हणून सांगू!

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून परतताना शिरवळच्या पुढे खटका बंद केला, पण ओव्हरड्राइव्ह सुटेना. तसाच पुण्यात आलो. गाडी नेहमीसारखी मागे घेत फाटकात घालणार, तोच मनात शंका आली. नाना पेठेतल्या आमच्या मिस्त्रींना फोन लावला. ते ओरडलेच, "साहेब, रिव्हर्स टाकू नका! मागे ढकलूही नका!"

कारण साधं आहे. आत एकाच दिशेनं मोकळा फिरणारा क्लच असतो. ओव्हरड्राइव्ह अडकलेला असताना गाडी मागे गेली, तर तो आणि शंकू एकमेकांविरुद्ध ओढतात आणि आतलं काहीतरी फुटतं. वडिलांची गाडी रात्रभर रस्त्यावर, आणि मी खिडकीत!

सकाळी मिस्त्री आले. गिअरबॉक्सवरचं झाकण काढलं. सोलेनॉइड सुटत होता, म्हणजे दोष विजेचा नव्हता. इंजिन बंद, चावी सुरू आणि गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून त्यांनी खटका दहा-बारा वेळा चालू-बंद केला. आतला दाब उतरवल्याशिवाय बूच उघडायचं नसतं. मग स्प्रिंग, दट्ट्या, पोलादी गोळी काढली आणि तारेनं झडप वर ओढली. तिच्यात एक बारीक भोक असतं. खटका बंद केल्यावर दाबाचं तेल तिथूनच परत जातं. ते गाळानं बुजलं होतं. वायरच्या एका तंतूनं मोकळं केलं, संपलं काम!

गाळ आला कुठून? मिस्त्रींनी तळाचं बूच काढून जाळी दाखवली. काळा चिखल. पाच वर्षं मी तेल न बदलता नुसतं वरून भरत होतो. चूक माझीच.

उलटी तक्रारही असते, ओव्हरड्राइव्ह लागतच नाही. तेव्हा आधी तेलाची पातळी पाहावी, मग फ्यूज, रिले आणि तारा, मग सोलेनॉइडचा दांडा. सोलेनॉइड ओढलेला असताना दांड्याचं भोक आणि कवचाचं भोक समोरासमोर यावं, त्यातून पावणेपाच मिलिमीटरची सळई जावी. हे जुळलं नाही, तर जास्त करंट घेणारी गुंडाळी चालूच राहते आणि जळते. सर्वांत शेवटी गिअरबॉक्स उतरवावा. पुष्कळ जण तिथूनच सुरुवात करतात.

आता मी तेल वेळेवर बदलतो, जाळी धुतो. आणि फाटकाशी आलो, की रिव्हर्स टाकण्याआधी एकदा खटक्याकडे बघतो. तेवढी सवय पुरते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)